सांगलीत रॉक मॅगझिन काढलं तर वाचणार कोण?

कृष्णाकाठचा_ड्रमर
मंडळी मदत पाहिजे. मास कॉमला आहे, प्रोजेक्टला मॅगझिनची डमी करायचीय, कव्हर, अनुक्रमणिका आणि मधली दोन पानं. मी रॉक घेतलं कारण तेवढंच येतं. टार्गेट ऑडियन्सच्या रकान्यात लिहिलं "वय 15 ते 35, सर्व रॉकप्रेमी", तर सरांनी लाल पेननं गोल करून बाजूला लिहिलं "म्हणजे कोण?" मग गुगल फॉर्म काढून ग्रुपवर टाकला, जवळजवळ सगळे म्हणाले हो वाचू, तेपण सरांना पटंना. शुक्रवारी परत दाखवायचंय, काय करू?

मिरजेचा_पाव्हणा
लका त्यांनी तुझं तोंड बघून हो म्हटलंय. "वाचशील का" विचारूच नको. "गेल्या सहा महिन्यात म्युझिकवर खिशातनं किती घातलेस आणि कशावर" असं विचार, निम्मे तिथंच गळतील. माझंच बघ, स्पॉटिफाय फुकटातलं, जाहिराती सोसत ऐकतो, पण तारा, पिक, केबल यात पैसे जातच राहतात. म्हणजे ऐकणारा म्हणून मी भिकार गिऱ्हाईक आणि वाजवणारा म्हणून बरा. आणि वाद्यावर पैसे घालणं आपल्याकडं काय नवीन नाही, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय.

जुना_हेडबँगर
वरच्याशी सहमत. वय हा सगळ्यात आळशी निकष. ब्रिटनचं केरँग मॅगझिन 1981 ला निघालं ते हेवी मेटलवाल्यांसाठी, बाकीच्यांनी नाक मुरडलं तरी चालेल असा हिशोब. 1986 ला तिथंच क्यू नावाचं मॅगझिन आलं तेव्हा सीडी नवीन होती, नोकरीला लागलेली मंडळी घरातल्या जुन्या एलपी (मोठ्या तबकड्या) परत सीडीवर विकत घेत होती, त्या लोकांसाठी कुणी लिहीत नव्हतं, ते यांनी धरले. गिऱ्हाईक आधी, मग मॅगझिन. उलटं उदाहरण एनएमई, तेपण ब्रिटनचंच म्युझिकचं मॅगझिन, 2015 पासून फुकट वाटायला लागले आणि 2018 ला छापायचंच बंद केलं. आणि लहान गावातनं कसं काढायचं म्हणशील तर रॉक स्ट्रीट जर्नल 1993 ला अलाहाबादहून निघालं, मुंबईहून नाही! आपल्याकडच्या बँडांबद्दल वाचायला मिळायचं त्यात. आमच्या होस्टेलवर एक अंक आला होता, चार खोल्या फिरून माझ्याकडं येईतो कव्हर गेलेलं आणि मधला पोस्टर कुणीतरी भिंतीला लावलेला. एक अंक, वाचणारे वीस, हे पण लिही सरांना.

सहा_तारांची_ताई
विश्रामबागला गिटार शिकवते म्हणून बोलते. सगळे पोरगा धरूनच बोलताय, माझ्या संध्याकाळच्या बॅचला निम्म्या मुली आहेत. दुसरं, फी आईबाप देतात, त्यामुळं वाचणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, दोघं वेगळे लिही. बाप गिटार घेऊन देतो पण अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकर) म्हटलं की बारावी झाल्यावर बघू. म्हणून ही पोरं रात्री हेडफोन घालून वाजवतात. भाषा मराठीच ठेव, डिस्टॉर्शनला (रॉक गिटारचा तो खरखरीत आवाज) डिस्टॉर्शनच म्हण, विकृती वगैरे नको 🙏

कृष्णाकाठचा_ड्रमर
विकृती 😂 लय भारी. मग असं लिहितो: क्लासला जाणारा किंवा जाणारी, शिकायला लागून एकदोन वर्ष झालेली, घरी अ‍ॅम्प नाही, बँड काढायचाय पण ड्रमर मिळंना. पैसे बाप देणार. आणि मधल्या दोन पानांवर मेटालिकाचा इतिहास टाकणार होतो तो काढतो, तो कुठंपण मिळतो. त्याजागी सेकंडहँड गिटार घेताना नेक (गिटारची दांडी) वाकलाय का ते कसं बघायचं. फोटोसाठी कुणाकडं नेक वाकलेली गिटार आहे का?

मिरजेचा_पाव्हणा
आहे की, तशीच घेतली मी, न बघता. रविवारी ये फोटो काढायला. येताना तारांचा सेट आण.