बिस्मार्कने केलं ते 'राष्ट्रीयीकरण' की 'सरकारीकरण'?

प्रश्न : जर्मन इतिहासावरच्या मजकुरात मी 'बिस्मार्कच्या काळात १८७९ पासून रेल्वेचं राष्ट्रीयकरण झालं' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली. चूक ऱ्हस्व-दीर्घाची की अर्थाची?

उत्तर : दोन्ही. 'राष्ट्रीयीकरण' हवं. जे आधी तसं नव्हतं ते तसं करायचं, म्हणून 'य'ला ती दीर्घ ई. शुद्धीकरण, एकत्रीकरणात असते तशी.

अर्थाची गोष्ट जास्त मजेची आहे. १८७१ साली जर्मन साम्राज्य झालं, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी वगैरे राज्यांनी आपापल्या रेल्वे सोडल्या नाहीत. साम्राज्याच्या मालकीची म्हणावी तर फ्रान्सकडून घेतलेल्या एल्सास-लोथरिंगेनमधली तेवढी. बिस्मार्क साम्राज्याचा चान्सलर आणि प्रशियाचा पंतप्रधानही. त्याला सगळी रेल्वे साम्राज्याकडे हवी होती. १८७६ साली प्रशियाची रेल्वे साम्राज्याला देता यावी असा कायदाही त्याने करून घेतला. बाकीची राज्यं बिथरली. सॅक्सनीने तर त्याच वर्षी लाइपझिग-ड्रेस्डेन ही खासगी रेल्वे स्वतःच विकत घेऊन टाकली! बेत फसला. मग १८७९ पासून मंत्री मायबाख यांनी खासगी कंपन्या घेतल्या त्या प्रशियासाठी. राज्यांच्या रेल्वे एकत्र येऊन देशाची एक रेल्वे झाली १९२० साली, बिस्मार्क जाऊन २२ वर्षं झाल्यावर. जर्मन शब्दही 'फेरश्टाटलिशुंग' आहे. त्यातल्या 'श्टाट'चा अर्थ राज्यसंस्था, राष्ट्र नव्हे.

– मग 'सरकारजमा' कसा वाटतो?

– नको हो, त्यात जप्ती येते. इथे भागधारकांना बदल्यात सरकारी रोखे मिळाले. 'खालसा'ही त्याच कारणाने बाद.

– आणि 'विलीनीकरण'? एसटीच्या संपात रोज ऐकला.

– तिथे महामंडळ मुळातच सरकारी होतं. मागणी होती ती शासनात सामावून घेण्याची. खासगी कंपनी विकत घेणं वेगळं.

माझं मत 'सरकारीकरण'ला. शब्द रुक्ष आहे, पण खरा आहे. सरकारने काही ताब्यात घेतलं की त्याला समाजवाद म्हणणाऱ्यांची मार्क्सचा सहकारी एंगल्स याने याच उदाहरणावरून टर उडवली होती. त्याच्या मते बिस्मार्कला रेल्वे हवी होती ती युद्धाच्या सोयीसाठी, कर्मचाऱ्यांची हुकमी मतं मिळवण्यासाठी आणि संसदेपुढे हात न पसरता पैसा यावा म्हणून. 'राष्ट्रीयीकरण' म्हटलं की आपल्याला १९६९च्या १४ बँका आठवतात. ती छटा इथे कशाला आणायची?

– पटलं. 'प्रशियाने खासगी रेल्वेंचं सरकारीकरण केलं' असं करते. कर्ताही बदलला, बरं झालं.