सिक्युरिटी चेकमध्ये पटकन लॅपटॉप काढता येईल आणि मीटिंगलाही शोभेल अशी बॅग सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप बॅग घ्यायची आहे आणि ऑनलाइन बघून बघून डोकं भंजाळलंय म्हणून हा धागा काढतेय. कामामुळे पुणे-दिल्ली, पुणे-बंगळूर सारखं चालू असतं, अधूनमधून फ्रँकफर्टलाही जावं लागतं, आणि बहुतेक वेळा विमानातून उतरलं की थेट क्लायंटच्या ऑफिसात, मधे हॉटेलवर जाऊन बॅग बदलायला वेळच नसतो. त्यामुळे एकच बॅग अशी हवीये की सिक्युरिटीत त्रास देणार नाही आणि कॉन्फरन्स रूममध्ये खुर्चीशेजारी ठेवली तर राजगडाला निघाल्यासारखी दिसणार नाही.

सध्याची टोट दिसायला खरंच सुंदर आहे, टॅन रंगाची, साडीवर ब्लेझरवर कशावरही जाते. पण लॅपटॉपचा कप्पा आत मधोमध. म्हणजे ट्रेसमोर उभं राहिलं की आधी स्टोल बाहेर, मग डबा, मग फाइल, मग कुठे लॅपटॉप, आणि आतल्या कप्प्याची चेन अर्ध्यातच थांबते त्यामुळे १५.६ इंची लॅपटॉपचा कोपरा दरवेळी अस्तरात अडकतो. मागे रांग वाढत असते, समोर सीआयएसएफवाले 'लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक अलग ट्रे में' सांगत असतात आणि आपली नुसती ओढाताण.

दुसरा त्रास बायकांना जास्त कळेल. आपले ट्रे बेल्टवरून पुढे निघून जातात आणि आपण त्या पडद्याच्या बूथसमोर रांगेत. पलीकडे लॅपटॉप, फोन, पर्स सगळं उघड्यावर येऊन पडलेलं असतं आणि इथून धड दिसतही नाही. वरून उघडी बॅग असली की जीव टांगणीला लागतो, खरंच.

बजेट ८ हजारापर्यंत, अगदीच आवडली तर थोडं वर. लेदर घ्यावं का नायलॉन, टोट का बॅकपॅक, आणि ती दोन्ही बाजूंना पुस्तकासारखी उघडणारी बॅग मिळते तिचा आपल्याकडे उपयोग होतो का? जे वापरताय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, 'अमुक ब्रँड बेस्ट' एवढंच नको.

रानवाटा

ताई, ब्रँड नंतर बघा, आधी बॅग उघडते कशी ते बघा. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून, पूर्ण वेगळा आणि त्याला बाहेरून स्वतःची चेन, एवढं असेल तर मुख्य कप्पा उघडायची वेळच येत नाही. चेन वरून सुरू होऊन दोन्ही बाजूंना निम्म्यापेक्षा खाली उतरली पाहिजे, किंवा मग सरळ बाजूने उघडणारी बघा. बाजूने उघडणारीचा फायदा असा की बॅग ट्रॉलीच्या दांड्यावर बसलेली असतानाच लॅपटॉप सरकवून काढता येतो, खाली वाकायला लागत नाही.

आणि लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात ते लक्षात घेतलं की बॅगेत काय कुठे ठेवायचं तेही कळतं. साध्या एक्स-रे मशिनमध्ये चित्र सपाट दिसतं, लॅपटॉपची बॅटरी आणि आतलं सर्किट गडद दिसतं आणि त्याच्याखाली काय आहे ते झाकलं जातं. तसंच चार्जर, केबलचा गुंता, चिल्लर, छत्री हे सगळं एकावर एक आलं की स्क्रीनवर नुसता गोळा दिसतो आणि बॅग बाजूला काढून 'ये बैग किसका है' सुरू. म्हणून चार्जर, पॉवर बँक, केबल एका चपट्या पाऊचमध्ये आणि तो पाऊच बाहेरच्या कप्प्यात. लॅपटॉप काढला, पाऊच काढला, झालं.

चाफा_७

बूथच्या रांगेबद्दल अगदी १००% सहमत. मी त्यामुळेच उघडी टोट बंद केली. आता वरून पूर्ण चेन लागणारी टोट आहे आणि आत समोरच्या बाजूला चेनचा एक चपटा कप्पा. रांगेत असतानाच फोन, घड्याळ, बोर्डिंग पास त्यात टाकते, चेन लावते, मगच बॅग ट्रेमध्ये. ट्रेमध्ये सुटं काही म्हणजे काहीच ठेवत नाही, फक्त लॅपटॉप आणि पाऊच. आणि लॅपटॉपचा ट्रे बॅगेच्या पुढे न ठेवता मागे ठेवते, तेवढाच तो उशिरा बाहेर येतो. पुढे बूथपाशी गर्दी दिसली तर दोन मिनिटं थांबून ट्रे सरकवा, मागच्याला पुढे जाऊ द्या, कुणी काही म्हणत नाही.

लांब पट्ट्यांची बॅग असेल तर पट्टे ट्रेच्या आत दुमडून ठेवा हां. जिथे ट्रे आपोआप रोलरवरून फिरतात तिथे लोंबणारा पट्टा अडकतो.

टोटचा एकच तोटा, खांदा. १५.६ चा लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली एका खांद्यावर घेऊन लांबच्या गेटपर्यंत चालायचं म्हणजे संध्याकाळी मान धरते. त्यामुळे पाठीमागे ट्रॉलीच्या दांड्यात अडकवायची आडवी पट्टी असलेलीच टोट घ्या, ती नसेल तर कितीही सुंदर असू दे.

धागाकर्ती

@रानवाटा, छत्रीचं कधी लक्षातच आलं नव्हतं, पावसाळ्यात माझी बॅग नेहमी बाजूला काढतात ते बहुतेक त्यामुळेच! @चाफा, ट्रे मागे ठेवायची युक्ती उद्यापासून सुरू. पट्टी माझ्या आत्ताच्या बॅगेला नाहीये, तीच तर खरी बोंब आहे. पण ट्रॉली आणि ही बॅग अशा दोन्ही घेतल्या तर वजनाला काही म्हणतात का? परवा माझ्या पुढच्या एकाला गेटवर अडवलं होतं.

नर्मदेकाठ

वजनाचा हिशोब मांडून बघा म्हणजे लेदर की नायलॉन तेही सुटेल. इंडिगोला इकॉनॉमीत एक केबिन बॅग ७ किलोपर्यंत आणि शिवाय लॅपटॉप बॅग किंवा लेडीज पर्स ३ किलोपर्यंत. आता १५.६ चा ऑफिसचा लॅपटॉप दोन किलोच्या आसपास, चार्जर पाव-अर्धा किलो, म्हणजे बॅग रिकामी असताना किलोच्या आत हवी. जाड लेदरची, पितळी कड्या-बकलांची टोट रिकामीच सव्वा-दीड किलो भरते, ३ किलो तिथेच संपले. ऑनलाइन घेताना बाकी सगळं वाचतो आपण, पण बॅगेचं स्वतःचं वजन कुणी बघत नाही, ते आधी बघा. युरोपात आत कुठे स्वस्तातली एअरलाइन घेणार असाल तर मापंही बघा, रायनएअरला फुकटातली बॅग ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर, त्यात मोठी टोट बसत नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. पुस्तकासारख्या बॅगेचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो. ती कल्पना इकडची. टीएसएने (अमेरिकेतल्या विमानतळांवरची सुरक्षा यंत्रणा) ऑगस्ट २००८ पासून अशा बॅगांना परवानगी दिली, ज्यात लॅपटॉपची बाजू पूर्ण उघडून बेल्टवर सपाट पसरता येते आणि लॅपटॉपच्या वर-खाली धातूचं बकल, चेन, खिसा असलं काही नसतं, म्हणजे लॅपटॉप आतच ठेवून स्कॅन होतो. तेव्हा इथे सगळ्यांनी घेतल्या होत्या. आता प्रीचेक (आधी नोंदणी करून मिळणारी झटपट सिक्युरिटीची रांग) असेल तर लॅपटॉप काढावाच लागत नाही आणि नवे सीटी स्कॅनर आहेत तिथेही आतच ठेवा म्हणतात, कारण ते मशिन बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र घेतं. त्यामुळे इथे त्या बॅगेचं महत्त्व कमी झालंय. भारतात साध्या मशिनवर लॅपटॉप वेगळ्या ट्रेतच मागतात, बॅग कशीही उघडली तरी, त्यामुळे त्यासाठी म्हणून जास्त पैसे घालू नका. मात्र पूर्ण उघडणारी बॅग भरायला सोपी जाते हे खरं.

टाकेवाला

माझं बॅगा दुरुस्तीचं काम आहे, रोज हातात येतात त्यावरून सांगतो. ८ हजारात 'व्हेगन लेदर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक पीयू, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. नवीन असताना लेदरपेक्षा गुळगुळीत दिसतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत तो थर पापुद्रे सुटावा तसा सुटायला लागतो, आधी हँडलच्या वळणावर आणि कोपऱ्यांना, आणि एकदा सुटायला लागला की दुरुस्ती नाही, गिऱ्हाइकाला तसंच सांगून परत पाठवावं लागतं. खरं लेदर असेल तर पावसाळ्यात बुरशी येते पण ती पुसून निघते, फक्त प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, कापडी पिशवीत ठेवा आणि आत कागदाचे बोळे भरा.

तुमचं येणंजाणं बघता मी म्हणेन बॉडी चांगल्या नायलॉनची आणि हँडल, कडा, चेन ओढायचा तुकडा एवढंच लेदरचं. दिसतंही भारी आणि वजनही आटोक्यात. दुकानात गेलात तर तीन गोष्टी करा. चेन एका हाताने कोपऱ्यावरून ओढा, वळणावर अडकली तर तिथेच ठेवून द्या, कारण बॅग चेननेच मरते. हँडल जिथे जोडलंय तिथे नुसती सरळ शिलाई आहे का चौकोनात फुली मारलेली आहे ते बघा, फुलीवालं टिकतं. आणि आतलं अस्तर फिकट रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात काळी केबल सापडत नाही. रेडीमेड आवडत नसेल तर धारावीला सायन-वांद्रे लिंक रोडच्या लेदरच्या दुकानांत चक्कर मारा, फोटो आणि मापं दिली तर ऑर्डरप्रमाणे बनवून देणारे आहेत तिथे. लॅपटॉप सोबत घेऊन जा. १५.६ इंच हे स्क्रीनचं कर्णाचं माप असतं, लॅपटॉपचं अंग कंपनीगणिक वेगळं, त्यामुळे नुसतं 'साडेपंधराची बनवा' सांगून भागत नाही.

रानवाटा

टाकेवाले दादा, फुलीच्या शिलाईचं माहीत नव्हतं, आत्ता उठून माझी बॅग बघून आलो, साधी सरळ निघाली. टाका घालून मिळेल ना?

टाकेवाला

मिळेल की, कुठल्याही चांगल्या मोच्याकडे किंवा बॅगवाल्याकडे. जाड नायलॉनचा दोरा वापरा म्हणावं.

नर्मदेकाठ

एक राहिलं. बाहेर यूएसबीचं भोक असलेल्या बॅगा स्टायलिश म्हणून खपवतात. नुसती आतून केबल असेल आणि पॉवर बँक आपली आपण लावायची असेल तर हरकत नाही, पण बॅटरी बॅगेतच पक्की बसवलेली असेल तर घेऊ नका, जानेवारी २०१८ पासून बहुतेक एअरलाइन्स तशी बॅग घेत नाहीत, बॅटरी काढता आलीच पाहिजे. पॉवर बँक नेहमी केबिनमध्ये, चेक-इनमध्ये अजिबात नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आत. २० हजार एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, ती चालते. तिच्यावरचा आकडा पुसला असेल तर बदला, वाचता आला नाही तर काढून घेतात. फ्रँकफर्टला दुबईवरून जात असाल तर एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केलीये, जवळ एक ठेवता येते फक्त.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. लेदरची टोट डोक्यातून काढली. नायलॉनची, गडद निळी किंवा ऑलिव्ह, टॅन लेदरची हँडल, वरून पूर्ण चेन, मागे ट्रॉलीची पट्टी आणि पाठीच्या बाजूने लॅपटॉपचा वेगळा कप्पा, असं आता ठरलंय. रेडीमेडमध्ये सगळं एकत्र मिळालं तर घेईन, पण बघितलेल्यांत पट्टी असेल तिथे कप्पा आत आणि कप्पा बाहेर असेल तिथे वरची चेन गायब. त्यामुळे शनिवारी धारावीलाच जायचा विचार आहे, लॅपटॉप मोजला, ३६ बाय साडेचोवीस भरला, जाडी दोन सेंटिमीटर. टाकेवाले दादा, कप्प्याला मापापेक्षा किती जास्त सोडायला सांगू?

टाकेवाला

रुंदीत आणि उंचीत दीड-दोन सेंटिमीटर, जाडीत एक. त्यात फोमही बसवायला सांगा, आणि कप्पा खालच्या बाजूने तळाला टेकू देऊ नका, तो तळापासून दोन बोटं वर संपला पाहिजे. बॅग जमिनीवर आपटली तरी लॅपटॉप आपटत नाही.