मदत हवी आहे: मियाटात ५.३ व्ही-८ बसवलंय, कूलंटच्या पाईपांनी जीव नकोसा केलाय

नमस्कार मंडळी,

मी मूळचा चिंचवडचा, सध्या मिशिगनमध्ये. गाडी १९९९ ची माझदा मियाटा, ती दोन सीटची छोटी उघड्या टपाची. तिचं मूळचं १८३९ सीसीचं इंजिन दोन वर्षांपूर्वी गेलं आणि त्या जागी मी भंगारवाल्याकडून शेव्हरोले सिल्व्हरॅडो पिकपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ (एलएम७) आणून बसवलं. हो, ब्लॉक बिडाचा आहे, हो, नाक जड झालंय, त्यावरून प्लीज सुरू होऊ नका, अ‍ॅल्युमिनियमवालं बजेटमध्ये बसत नव्हतं. माउंट झाले, गिअरबॉक्स झाला, वायरिंगमध्ये सगळा हिवाळा गेला तेही झालं, आणि आता अडकलोय कुठे तर पाण्याच्या पाईपात.

त्रास असा आहे की हायवेला गाडी मस्त ९२-९३ वर चालते (गेज मी सेल्सिअसवालाच लावलाय, फॅरनहाइट अजून डोक्यात बसत नाही), पण एक्झिट घेऊन सिग्नलला थांबलो की काटा एकदम ११० च्या पुढे उडी मारतो आणि अर्ध्या मिनिटात आपोआप खाली येतो. डॅशबोर्डच्या मागे हीटरमध्ये माठात पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येतो. हीटर कधी गरम तर कधी बर्फ.

आत्ताची जोडणी सांगतो. रेडिएटर नवीन अ‍ॅल्युमिनियमचा, आडव्या फ्लोचा, कॅप त्याच्यावरच आहे, मियाटाचं बोनेट बसकं म्हणून तो पुढे थोडा झुकवून बसवलाय. वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) ट्रकचीच. वरचा होज तयार मिळाला. खालचा बाजारात कुठलाच जुळला नाही म्हणून दीड इंची अ‍ॅल्युमिनियमची नळी कापून दोन्ही टोकांना सिलिकॉनचे एल्बो लावलेत, जुबली क्लिपा आवळल्यात. दोन्ही हेडच्या (सिलिंडरवरच्या भागाच्या) पुढच्या तोंडाला वाफेची जी बारीक लाईन असते ती एकत्र करून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वरच्या होजमध्ये सोडलीये. मागची दोन तोंडं बंदच आहेत, इंजिन आलं तेव्हाच बंद होती.

गेल्या शनिवारी खालचा एल्बो नळीवरून सटकला. घराच्या उतारावर केशरी कूलंटचा पाट वाहिला आणि समोरच्यांचा कुत्रा शेपूट हलवत चाटायला हजर. ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्याला अगदी थोडंही जीवघेणं ठरतं, त्यामुळे मी आधी कुत्र्यामागे धावलो आणि मग पाईपाकडे. बायको खिडकीतून बघत होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

शिवाय हीटरच्या लाईनसाठी रेडिएटरच्या बाजूच्या अर्धा इंची भोकात जे पितळी निपल लावलंय (मामेभावाने भोसरीत टर्न करून पाठवलेलं, एकदम सुबक काम) ते थेंब थेंब गळतंय. टेफलॉन टेपचे सहा वेढे दिले तरी गळतंय.

इथल्या इंग्रजी फोरमवर विचारलं तर तिघांनी चार उत्तरं दिली आणि एकाने सगळं काढून एएन फिटिंग (रेसच्या गाड्यांत वापरतात ते आट्यांचे धातूचे जोड) लाव म्हणून सातशे डॉलरची यादी पाठवली. आपल्याकडच्या कोणी असं काम हाताने केलं असेल तर सांगा.

उनाड_पाना:
मायलेज किती देते? 😀

ग्रीसचे_हात:
पाईपांना हात लावण्याआधी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं नाहीये ना ते बघून घे भाऊ. निळ्या पाण्याची टेस्टर किट मिळते, रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवायचं, कूलंटमध्ये जळालेला गॅस येत असेल तर निळं पाणी पिवळं होतं. भंगारातलं इंजिन आहे, आधीच्या मालकाने किती उकळवलंय कोणाला माहीत.

धागाकर्ता:
केली आत्ता. दहा मिनिटं चालवलं, निळंच राहिलं. म्हणजे गॅस्केट ठीक असावं. मायलेजवाल्याला नंतर उत्तर देतो.

ग्रीसचे_हात:
मग आत अडकलेली हवाच आहे. बोनेट उघडून बाजूने एक फोटो टाक, लेव्हलचा फोटो, वरून काढलेला नको.

(फोटो बघून) हे बघ, तुझ्या रेडिएटरची कॅप हेडच्या वाफेच्या तोंडांपेक्षा चार बोटं खाली आहे. मियाटाचं नाक बसकं आणि तू आत उंच व्ही-८ कोंबलंयस. हवा वर जाते, कॅपपर्यंत खाली उतरून येत नाही, त्यामुळे तू कितीही वेळा कॅपमधून भर, हेडच्या वरच्या अंगाला बुडबुडा राहणारच. हायवेला पंप जोरात फिरतो तेव्हा पाणी तो बुडबुडा ढकलत राहतं, सिग्नलला आलास की पंप मंदावतो, बुडबुडा सेन्सरपाशी येऊन बसतो, काटा उडतो. आणि ती बारीक लाईन तू वरच्या होजमध्ये सोडलीस, तिथलं प्रेशर आणि हेडमधलं प्रेशर जवळपास सारखंच, मग वाफ त्या लाईनने जाईल कशाला?

एक प्रेशरवाली टाकी घे, साधी ओव्हरफ्लोची प्लास्टिक बाटली नाही, कॅपवाली. ती फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी), सगळ्यात उंच जागी. वाफेची लाईन तिच्या वरच्या भागात, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून एक बारीक लाईन तीही तिथेच. टाकीच्या बुडातून पाऊण इंची होज खाली, तो हीटरच्या परतीच्या होजमध्ये टी टाकून पंपाला. ह्या इंजिनात थर्मोस्टॅट (कूलंट गरम झालं की उघडणारी झडप) पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला असतो आणि हीटरची परत त्याच्या आतल्या अंगाला मिळते, म्हणून थर्मोस्टॅट बंद असतानाही टाकीतून पंपाला पाणी मिळत राहतं. १६ पीएसआयची कॅप टाकीवर लाव, रेडिएटरच्या तोंडाला बिनझडपेचं झाकण.

भोसरी_एमआयडीसी:
निपलचं मी सांगतो. दादा, मामेभावाचं काम सुबकच असणार, पण आटे कुठले पाडलेत विचारा त्याला. आपल्याकडे पाईपाचे आटे म्हटलं की कोणीही ब्रिटिश मापाचे बीएसपी पाडणार, तुमच्या रेडिएटरला असणार अमेरिकन मापाचे एनपीटी. मजा अशी की अर्धा इंच आणि पाऊण इंच ह्या दोन मापांत दोन्हीचे इंचाला १४ च आटे, त्यामुळे निपल सुरुवातीला गुमान आत जातं आणि माणसाला वाटतं बसलं. पण एकाचा आटा ५५ अंशांचा, दुसऱ्याचा ६०, तर सहा काय साठ वेढे दिले तरी गळणार. पाव इंची असतं तर १९ आणि १८ चा फरक आहे, दोन फेऱ्यांतच अडकलं असतं आणि तुम्हाला तेव्हाच कळलं असतं. अजून आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचा बंग (रेडिएटरवरचं आट्यांचं तोंड) चिरेल. तिकडच्याच हार्डवेअरच्या दुकानात एनपीटी निपल मिळेल.

एएनचं म्हणाल तर वाईट नाही, पण त्याचा कोन ३७ अंशांचा, नळवाल्याचा फ्लेअर ४५ चा, दोन्ही एकत्र केलं की परत हेच रडगाणं. रस्त्यावरच्या गाडीला रबरी होज आणि नीट क्लिप पुरते.

ग्रीसचे_हात:
+१. आणि तो एल्बो सटकला कारण नळीच्या टोकाला बीड (गोल उंचवटा) नाही. सपाट नळीवर सिलिकॉन म्हणजे ओल्या साबणावर हात. टोकाजवळ वेल्डिंगचा एक बारीक गोल फिरवून घे आणि कानसीने गुळगुळीत कर, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. सिलिकॉनला खाचांची जुबली क्लिप नको, खाचांतून रबर वर येतं आणि कापलं जातं, आतून सपाट पट्टी असलेली घे. आणि इंजिन चार हजारावर धरून खालचा होज बघ, पंप तिथून ओढतो, एल्बो चपटा होत असेल तर आत स्प्रिंग टाकावी लागेल.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
उशीर झाला, ऑफिसमध्ये रिलीज होता. मामेभावाला फोन केला, तो म्हणाला "पाईपाचे आटे म्हणजे पाईपाचेच ना", म्हणजे बीएसपीच. इथलं एनपीटी निपल लावलं, टेपचे तीनच वेढे, कोरडं ठणठणीत. भोसरीच्या निपलची मी किल्ल्यांना अडकवायची किचेन केलीये, फेकवलं नाही.

टाकी बसवली, पण फायरवॉलपाशी वायपरची मोटर आडवी आली म्हणून ब्रॅकेट दोनदा करावं लागलं, आता टाकीचं बूड वाफेच्या तोंडांपेक्षा साधारण दोन इंच वर आहे. नळीला बीड करून घेतली. टाकीतून हळूहळू भरताना बारीक लाईनमधून तब्बल वीस मिनिटं फसफस बुडबुडे येत होते, इतकी हवा कुठे होती देव जाणे. काल पन्नास मैल चालवली, सिग्नलला ९६ च्या वर गेली नाही, गुडगुड बंद, हीटरने मोजे वाळतील इतकी गरम हवा दिली.

राहिलं एकच. चार हजारावर खालचा एल्बो खरंच आत ओढला जातो, बोटभर चपटा होतो. स्प्रिंग स्टेनलेसचीच घ्यायची का, आणि वळणातून ती आत सरकवायची कशी? साबणाचं पाणी लावून बघितलं, मधेच अडकते.

उनाड_पाना, गॅलनला १७ मैल. लिटरला सव्वासात किलोमीटर.