ऊन वेगळं, उष्णता वेगळी

गोव्यातल्या सौरविजेच्या चर्चेत मांडलेलं 'राजस्थानात सौर पॅनल भाजून निघतात, म्हणजे वीजही तितकीच जास्त' हे गणित अर्धंच बरोबर आहे. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअसवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरा. मे महिन्यात दुपारी सेल (पॅनलमधली वीज बनवणारी चकती) ६५ अंशांवर गेला की १४ टक्के वीज तिथेच गेली. तरीही वाळवंट परवडतं, ते निरभ्र दिवसांमुळे आणि सलग जमिनीमुळे. राजस्थानातला भडला सोलर पार्क २,२४५ मेगावॉटचा, जागा सुमारे १४,००० एकर. एवढी जमीन गोव्यात आणायची कुठून? सड्यांवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या खडकाच्या पठारांवरून?

धुळीचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. कोरडी धूळ वाऱ्याने थोडीफार उडते. पहाटेच्या दवाने भिजली की ओघळून खालच्या चौकटीपाशी साचते आणि उन्हात वाळून घट्ट बसते. बोटभर रुंदीची ही पट्टी फार फसवी, कारण ती तळाच्या ओळीतले सेल झाकते. जुन्या अखंड सेलच्या पॅनलमध्ये सहसा तीन बायपास डायोड असतात; झाकलेला भाग वगळून वीज पुढे नेणाऱ्या या डायोडमुळे पॅनलचे तीन भाग पडतात. पॅनल उभं लावलं असेल तर तळाची ओळ तिन्ही भागांत येते आणि अख्खं पॅनल मार खातं. आडवं असेल तर एक तृतीयांशावर भागतं. हाफ-कट (अर्धे कापलेल्या सेलचं) पॅनल उभं लावलं तरी वरचा अर्धा भाग चालू राहतो. पाण्याची टंचाई म्हणून राजस्थानात कोरडे ब्रश फिरवणारे रोबो वापरतात. आपल्याकडे गोव्यात पाऊस धुऊन काढतो खरा, पण पणजी-म्हापशात गच्चीवर पॅनलला ५ अंशांचाच उतार दिलात तर तीच पट्टी शेवाळाची होते. किमान १०, शक्यतो १५ अंश ठेवा.