गाडीचा रंग बदलतोय, विमा कंपनीला कळवावं लागतं का? उद्यापर्यंत उत्तर हवंय

घाईत_कुर्ला
गाडी गॅरेजला आहे. प्रायमर मारून झालाय, उद्या बेस (रंगाचा थर) मारायचाय. आज एजंट म्हणाला रंग बदलला की कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर क्लेम अडकतो. पेंटर म्हणतो कोणी कळवत नाही, उगाच प्रीमियम वाढेल. कोणाचं खरं? हो की नाही एवढंच सांगा, सकाळी १० ला त्याला फोन करायचाय.

सायन_सर्कल
पांढरी प्लेट की पिवळी? कर्ज आहे का? पॉलिसी पूर्ण आहे की नुसती थर्ड पार्टी? जुना रंग कोणता, नवा कोणता? यावर उत्तर बदलतं.

रॅपवाला_अंधेरी
पेंट कशाला करताय? व्हिनाइल रॅप करा. मूळ रंग खाली जसाच्या तसा राहतो, कंटाळा आला की हीटगनने गरम करून सोलून काढायचा. आरटीओ नको, विमा नको.

घाईत_कुर्ला
प्रायमर मारून झालाय म्हटलं ना. रॅपचा प्रश्नच नाही. पांढरी प्लेट, खासगी. सिल्व्हर होती, मॅट ग्रीन करतोय. पॉलिसी पूर्ण आहे.

ओडी_क्लेम_दादर
आधी रॅपबद्दल, कारण हे वाचून आणखी कोणी तसं करेल. पूर्ण गाडीचा रॅप केला तर रस्त्यावर दिसणारा रंग आणि आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) रंग वेगळा होतो. नाकाबंदीत समोरचा माणूस मोबाइलवर नंबर टाकतो आणि तिथला रंग बघतो. वर फिल्म आहे की पेंट, हे तो नखाने खरवडून पाहत नाही. शिवाय रॅपची किंमत आयडीव्हीत (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीत) धरलेली नसते. दार घासलं तर पत्रा आणि पेंटचे पैसे मिळतील, फिल्मचे नाहीत. ते हवे असतील तर वेगळी किंमत दाखवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते.

आता मूळ प्रश्न. हो, कळवा. पण पहिलं पत्र आरटीओला, विमा कंपनीला नंतर. आरसीवर बॉडीच्या रंगाचा रकाना असतो आणि कंपनी आरसीवर चालते. आरसी न बदलता नुसता मेल पाठवला तर ते उलट आरसीच मागतील.

प्रीमियमचं पेंटरने सांगितलं ते चूक आहे. स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम आयडीव्ही, इंजिनचे सीसी, गाडीचं वय आणि झोन यांवर बसतो. मुंबई झोन ए मध्ये येते. रंग यात कुठेच नाही, त्यामुळे रंगाच्या एंडोर्समेंटला (पॉलिसीतल्या बदलाच्या नोंदीला) जादा प्रीमियम नाही.

न कळवल्यास काय होतं, ते क्लेमच्या प्रकारावर आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर रंगाच्या कारणाने कंपनी हात वर करू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला मिळणारे बचाव मोजके आहेत, त्यात रंग नाही. अपघातात स्वतःची गाडी ठोकली तर सर्व्हेअर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळवतो. तो रंगाची विसंगती अहवालात लिहितो, कंपनी खुलासा मागते आणि फाइल पडून राहते. खरा त्रास चोरीत. एफआयआरमध्ये हिरवी, आरसीवर सिल्व्हर, पोलिसांनी सगळीकडे कळवलेलं वर्णन तिसरंच. गाडी सापडायची शक्यताच कमी होते, आणि पुढे 'तपास लागला नाही' हा पोलिसांचा अहवाल मिळेपर्यंत कंपनी प्रत्येक कागदावर शंका काढते.

कलम_५२
कायदा नीट वाचा. कलम ५२ मधल्या आल्टरेशनची व्याख्या म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. रंगाने रचना बदलत नाही. परवानगीची गरज नाही, नुसती नोंद पुरे.

सायन_सर्कल
त्याच कलमाचं पहिलं वाक्य वाचलंत का? नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल करायचा नाही, असं त्यात आहे. रंग हा प्रमाणपत्रातला तपशील आहे. वडाळ्याच्या खिडकीवर व्याख्येचा युक्तिवाद करून कोणाचं काम झालंय? सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आल्टरेशनचा अर्ज भरायचा, त्यात रंग निवडायचा, मंजुरी घ्यायची, मग रंगवायचं, मग गाडी दाखवायची.

कलम_५२
मंजुरी न घेता केलं असेल तर १४ दिवसांत कळवायची सोय त्याच कलमात आहे. उद्या बेस मारा, १४ दिवसांत अर्ज करा.

सायन_सर्कल
ती सोय करून बसलेल्यांसाठी आहे. यांचा बेस अजून डब्यात आहे. थांबता येत असताना मागून मंजुरी मागायला का लावताय?

सीएनजी_मुलुंड
सीएनजी किट लावलं असेल तर तेही आरसीवर आणि पॉलिसीवर चढवा. किटच्या किमतीवर वेगळा प्रीमियम असतो आणि थर्ड पार्टीतही थोडी भर पडते. किट न दाखवता आग लागली तर क्लेम अवघड होतो.

घाईत_कुर्ला
किट नाहीये, पेट्रोल आहे. म्हणजे कळवायचं, एवढं कळलं. मग मेल आत्ता टाकू की रंग झाल्यावर?

क्लिअरकोट_परळ
मेल राहू दे. मॅट ग्रीन म्हणजे नेमका कोणता? शेड कोड द्या.

घाईत_कुर्ला
कोड पेंटरकडे आहे. मिलिटरीच्या जिपांना असतो तसा.

क्लिअरकोट_परळ
मग उद्याचा बेस थांबवा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. खासगी गाडीला तो चालत नाही. आरटीओ मंजूर करणार नाही, आरसी बदलणार नाही, म्हणजे विमा कंपनीला द्यायला तुमच्या हातात कागदच नसेल.

रॅपवाला_अंधेरी
ऑलिव्हचा रॅप केलेल्या कितीतरी गाड्या लिंक रोडवर फिरतात.

ओडी_क्लेम_दादर
फिरतात म्हणून नियमात बसतात असं नाही. रॅप असो वा पेंट, तो रंग लष्कराची ओळख आहे. माणूस अडकेल असा सल्ला कृपा करून देऊ नका.

घाईत_कुर्ला
हे पेंटर बोलला कसा नाही!! बरं, बॉटल ग्रीन केला तर? तो तरी चालतो ना?

क्लिअरकोट_परळ
बॉटल ग्रीन चालेल, पण कंपनी-शेडच्या पुस्तकातला घ्या, नाव आणि कोड असलेला. तोच कोड अर्जात, तोच बिलावर. आणि मॅट नको. मॅट क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) पॉलिश करता येत नाही, रबिंग केलं की तिथे चकाकीचा डाग पडतो. एक ओरखडा आला तरी अख्खा पॅनल रंगवावा लागतो. बहुतेक सर्व्हेअर साध्या शेडच्या दरानेच पैसे धरतात, वरचा फरक तुमच्या खिशातून.

ओडी_क्लेम_दादर
यात भर. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर पेंटच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. बिल एकत्र असेल तर एकूण पेंटिंगच्या २५ टक्के मटेरियल धरून त्यावर. म्हणून आताचं बिलही फोड करून घ्या: मटेरियल वेगळं, मजुरी वेगळी, गाडीचा नंबर वर. आणि सायनकरांचा एक प्रश्न राहिलाय. कर्ज आहे का?

घाईत_कुर्ला
आहे, दीड वर्ष बाकी. त्याचा रंगाशी काय संबंध?

सायन_सर्कल
संबंध आहे. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन (कर्जाची नोंद) असेल तर बदलाला त्यांची लेखी संमती लागते. आज रात्रीच बँकेला मेल टाका, एनओसीत 'रंग बदल, सिल्व्हर ते अमुक' असं स्पष्ट लिहून मागा. नुसती 'ना हरकत' लिहिलेली परत पाठवतात.

मग क्रम असा: एनओसी, पोर्टलवर अर्ज, मंजुरी, रंग, निरीक्षकाला गाडी दाखवणं, नवी आरसी. त्या आरसीची प्रत आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडून विमा कंपनीला एंडोर्समेंटचा मेल. अर्जाच्या आणि तपासणीच्या दिवशी पॉलिसी आणि पीयूसी चालू हवी. रिन्युअल कधी आहे?

घाईत_कुर्ला
पुढच्या महिन्यात.

सायन_सर्कल
मुदतीच्या आत करा, रंग अर्धवट असला तरी. पॉलिसी खंडित झाली तर कंपनी गाडीची तपासणी मागते, ॲपवर फोटो काढायला लावते. प्रायमर मारलेली, बंपर काढून ठेवलेली गाडी कोणीही पास करणार नाही.

घाईत_कुर्ला
पण मंजुरीपर्यंत गाडी प्रायमरवर ठेवायची? पेंटर म्हणतो पावसाळ्यात खराब होईल.

क्लिअरकोट_परळ
हे मात्र तो खरं बोलतोय. साधा प्रायमर सर्फेसर सच्छिद्र असतो, हवेतला ओलावा पितो. खाली पॉलिस्टर पुट्टी असेल तर ती त्याहून जास्त पिते. वर बेस आणि क्लिअर बसला की ओलावा आत कोंडतो आणि काही महिन्यांनी तांदळाच्या दाण्याएवढे फोड येतात, बहुतेक दाराच्या खालच्या कडेला आणि व्हील आर्चवर.

त्याला असं सांगा: पुट्टी भरलेल्या जागांवर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, दोन हात. गाडी शेडमध्ये, जमिनीवर पाणी न मारता. वर प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो, सुती चादर टाका. मंजुरी आली की सगळीकडे ८०० च्या पेपरने घासून, पुसून, बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास कोरडी गरम करायची आणि मगच बेस. इपॉक्सी जुना झाला आणि घासला नाही तर बेस धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो.

दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू आणि डिकीचं तोंडही नव्या रंगात घ्या. निरीक्षक दार उघडून बघतो. फक्त चेसिस नंबरच्या जागेवर आधी मास्किंग टेप, तिथे ना प्रायमर ना रंग. अंक भरले गेले तर पेन्सिलीने छाप उमटत नाही आणि तपासणी तिथेच थांबते.

घाईत_कुर्ला
चेसिस नंबरवर आत्ताच प्रायमर बसलाय, फोटोत दिसतोय. तो कसा काढायचा?

क्लिअरकोट_परळ
थिनरमध्ये बुडवलेलं सुती फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवा, मग जुन्या टूथब्रशने. खरवडणी नको, पॉलिशपेपर तर मुळीच नको. घासलेला चेसिस नंबर दिसला की खाडाखोडीचा संशय येतो. प्रायमर दोन घटकांचा असेल तर थिनरने हलणार नाही, पेंट रिमूव्हर लागेल. ते पेंटरला हातमोजे घालून, अंकांपुरतंच लावायला सांगा.