मदत हवी आहे: 'शेरलॉक ज्युनिअर' किती वेगाने दाखवावा?

सोसायटीच्या हॉलमध्ये विनोदी नट बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) हा मूकपट दाखवायचा आहे. प्रेक्षक म्हणजे आठ-दहा वर्षांची पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा. चॅप्लिन सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून मुद्दाम कीटन. शिवाय सिनेमा जेमतेम पाऊण तासाचा.

अडचण वेगाची. माझ्याकडच्या फाइलमध्ये माणसं तुरुतुरु पळतात. कीटन स्वप्नात पडद्यात शिरतो, बागेतल्या बाकावर बसायला जातो, तेवढ्यात दृश्य बदलतं आणि तो भर रस्त्यात आपटतो; हे कळायच्या आत संपतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.७५ पट केला, तर मोटरसायकलच्या हँडलवरची धमाल पार मंदावली. ०.९ बरं वाटतं, पण तो अंदाजच. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे एकच ठरलेला वेग नव्हता, हे ठाऊक आहे.

संगीताची सोय झालीय, शेजारचे काका पेटी वाजवतील (हौस दांडगी!). पडद्यावर मधेमधे येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या मी मराठीत मोठ्याने वाचणार. ब्ल्यू-रे घ्यायचं बजेट नाही.

मूकपट लोकांसमोर दाखवलेल्यांनी सांगा: सबंध सिनेमाला एकच वेग ठेवता की प्रसंगानुसार बदलता? आणि पाटी वाचून होईपर्यंत चित्र थांबवलं तर पुढचा हशा जातो का?