घरातल्या दोन कॉम्प्युटरांमधले फॉन्ट: तुमचे अनुभव सांगा

नौपाडा_माहेर:
काल माळा आवरताना बाबांची २००४ची सीडी सापडली, लग्नपत्रिकांच्या फायलींची. गोखले रोडजवळच्या घरी बाहेरच्या खोलीत बाबा डीटीपी करायचे, आतल्या खोलीत माझं मशीन. दोन्ही विंडोज एक्सपी, मध्ये केबल. फॉन्टचा फोल्डर बाबांच्या मशीनवर, शेअर केलेला. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून फॉन्ट बसवताना 'फॉन्ट फोल्डरमध्ये कॉपी करा' ही खूण मी काढून टाकली, म्हणजे फॉन्ट बाबांच्याच मशीनवरून यायचे. एका दुपारी बाबा मशीन बंद करून बँकेत गेले. मी पत्रिका उघडली तर गणपतीच्या ओळीपासून सगळी इंग्रजी अक्षरं! गिऱ्हाईक शेजारी बसलेलं. बाबा आले, काही न बोलता त्यांच्या मशीनचं बटण दाबलं, त्याला चहा दिला. रात्री बसून सगळे फॉन्ट माझ्या मशीनवर कॉपी केले.
काल तीच फाइल लॅपटॉपवर उघडली. पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं. बटण दाबायला बाबा नाहीत.

ऐरोलीकर:
वाचून गलबलून आलं. आमच्याकडे तीन लिनक्स मशीनं. एकावर फॉन्टचा फोल्डर, बाकीच्यांना एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची सोय) जोडलेला. नवा फॉन्ट टाकला की प्रत्येकावर एफसी-कॅश ही फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड चालवायची. मुख्य मशीन बंद असलं की बाकीची लटकायची, म्हणून आता रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येकावर प्रत ठेवतो. फॉन्ट काही एमबींचे, जागा वाचवून काय मिळतं

सीमा_सानपाडा:
अगदी अगदी!! कुकर लावलाय, नंतर लिहिते

घंटाळी:
गोखले रोडला कुठे? आम्ही राम मारुती रोडच्या मागे राहायचो. तेव्हा पत्रिका छापून घ्यायला जांभळी नाक्याला जायचो.

नौपाडा_माहेर:
@घंटाळी मल्हार टॉकीजच्या बाजूला. म्हणजे शेजारीच की आपण.

टंकप्रेमी_नेरूळ:
ताई, मजकूर गेलेला नाही. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'डी'ची कळ दाबली की क. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी दिसते. युनिकोड या आताच्या पद्धतीत क चा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी क तो कच. पत्रिकेत कोणता फॉन्ट होता ते नाव वर्डमध्ये अजून दिसेल, त्याच फॉन्टचा, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, दुसऱ्याचा चालत नाही. आणि नवीन पत्रिकांना मुक्त परवान्याचा मुक्ता फॉन्ट घ्या, घरभर वाटला तरी हरकत नाही. विकतच्या फॉन्टचा परवाना मात्र वाचावा, बहुतेकदा मशीनगणिक असतो.

सीमा_सानपाडा:
झाला कुकर. विंडोज १०ला फॉन्टवर नुसतं इन्स्टॉल दाबलं की तो एकाच लॉगिनपुरता बसतो. लेकीच्या लॉगिनमध्ये तिच्या प्रोजेक्टचा फॉन्टच दिसेना, ती रडकुंडीला आली. उजवं क्लिक करून सर्व वापरकर्त्यांसाठी बसवा. आणि मराठी श, ल हवे असतील तर फॉन्ट मराठीचाच बघा, हिंदीतला ल वेगळा दिसतो, मला अजिबात सहन होत नाही

घंटाळी:
श बद्दल +१. मल्हारला बाल्कनीचं तिकीट आठवतंय का कुणाला

नौपाडा_माहेर:
@टंकप्रेमी_नेरूळ वर्डमध्ये नाव दिसलं! तो फॉन्ट त्याच सीडीवर होता, दुसऱ्या फोल्डरमध्ये. बाबांनीच ठेवलेला. पत्रिका उघडली. माझीच आहे.